क्लिपवर तारीख नसते

जानेवारी २०२२ मध्ये मराठी टीव्हीवरची दोन नावं एकाच महिन्यात मोबाइलभर झाली.

पहिलं नाव किरण माने. स्टार प्रवाहवरच्या 'मुलगी झाली हो' या मालिकेत ते विलास पाटील, म्हणजे नायिकेचे वडील होते. एके दिवशी बातमी आली की त्यांना मालिकेतून काढलं. माने म्हणाले, मी राजकीय पोस्ट लिहितो म्हणून काढलं. निर्मात्यांची बाजू वेगळी होती. राजकारणाचा काही संबंध नाही, सेटवरच्या वागण्याबद्दल सहकलाकारांच्या तक्रारी होत्या, असं त्यांचं म्हणणं. मानेंनी ते नाकारलं. मालिकेतलेच कलाकार दोन्ही बाजूंनी बोलले.

हे थंड व्हायच्या आत दुसरं नाव आलं. डॉ. अमोल कोल्हे. 'व्हाय आय किल्ड गांधी' नावाच्या सिनेमाचा ट्रेलर आला आणि त्यात नथुराम गोडसे म्हणून कोल्हे दिसले. तेव्हा ते शिरूरचे राष्ट्रवादी काँग्रेसचे खासदार होते. गांधींचं नाव घेणाऱ्या पक्षाचा खासदार गोडसे साकारतो म्हणजे काय, असा गदारोळ उठला. त्यांच्याच पक्षाचे जितेंद्र आव्हाड विरोधात बोलले. शरद पवारांनी मात्र, कलाकाराची भूमिका कलाकाराची म्हणून बघा, अशी बाजू घेतली. कोल्हे सांगत राहिले की शूटिंग २०१७ चं आहे. महिनाअखेरीस ते आळंदीला गेले आणि इंद्रायणीकाठी गांधीजींच्या स्मारकापाशी बसून त्यांनी आत्मक्लेश केला.

मी तेव्हा करमाळ्यात घरून काम करत होतो. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या दोघांच्या क्लिपा एकामागून एक पडत होत्या. एकाने लिहिलं, "संभाजी महाराज झालेला माणूस नथुराम कसा काय होऊ शकतो?" खाली चाळीसेक जणांनी अंगठे दिले.

तो प्रश्न माझ्या डोक्यात अडकून बसला. कारण नीट बघितलं तर तो खासदाराला विचारलेला नव्हताच. तो झी मराठीवर रात्री दिसणाऱ्या संभाजी महाराजांना विचारलेला होता.

ऑफिसात रात्री-अपरात्री सिस्टिम बंद पडली की आम्ही आधी कुणाला शिव्या घालत नाही. आधी लॉग काढतो. किती वाजता काय झालं, त्याच्या आधी काय झालं, ओळीने लावून बघतो. निम्म्या वेळा उत्तर त्या क्रमातच असतं. तसंच कोल्हेंचं करून बघितलं.

२००८ : स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती'. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेला नारायणगावचा डॉक्टर घराघरात शिवाजी महाराज म्हणून पोचतो.
२०१४ : शिवसेनेत प्रवेश.
२०१७ : गोडसेच्या भूमिकेचं शूटिंग. त्याच वर्षी सप्टेंबरात 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू.
२०१९ : मार्चमध्ये राष्ट्रवादीत प्रवेश, मे महिन्यात खासदार. तेही तीन वेळा निवडून आलेल्या शिवाजीराव आढळरावांना हरवून.
२०२० : फेब्रुवारीअखेर मालिका संपली.
२०२२ : २०१७ मधला सिनेमा प्रेक्षकांसमोर.

आता बघा. ज्या दिवशी तो माणूस गोडसेच्या मेकअपमध्ये कॅमेऱ्यासमोर उभा होता, त्या दिवशी तो खासदार नव्हता, राष्ट्रवादीतही नव्हता. पाच वर्षांनी सिनेमा आला तेव्हा तो हे दोन्ही होता, शिवाय तोवर लोकांच्या मनातला संभाजी झाला होता. लोकांनी २०१७ चा निर्णय २०२२ च्या माणसाला चिकटवला.

याचा अर्थ टीका करायची नाही, असा नाही. गांधीहत्येचं समर्थन करणाऱ्याची बाजू पडद्यावर मांडायला आपला चेहरा द्यायचा का, हा प्रश्न २०१७ लाही विचारता आला असता आणि नट म्हणून त्याचं उत्तर देणं भाग होतं. पण ग्रुपवर चाललेली चर्चा ती नव्हती. तिथे एक फोटो फुटला होता, त्याचा राग होता.

हे पटत नसेल तर शरद पोंक्षेंकडे बघा. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' हे नाटक १९९८ साली आलं. त्यात पोंक्षे नथुराम. नाटकावर वाद झाले, सरकारने प्रयोग थांबवले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पोंक्षे टीव्ही मालिकांमधलेही ओळखीचे नट. पण नथुराम केला म्हणून त्यांच्या चाहत्यांना धक्का बसला नाही. पुढे सावरकरांवर व्याख्यानं देणारा हा माणूस आणि त्याची भूमिका यांत प्रेक्षकाला अंतर दिसत नव्हतं. ज्यांना ते आवडत नव्हते त्यांना आधीपासूनच आवडत नव्हते. भूमिका एकच, पण एकाच्या बाबतीत नाटकावर वाद झाला आणि दुसऱ्याच्या बाबतीत माणसावर.

म्हणजे बदनामी नुसत्या कृत्यावरून ठरत नाही. आपण त्या चेहऱ्याचा आधी कुठला फोटो भिंतीवर लावलाय, त्यावरून ठरते. हे टीव्हीमुळे झालं असं मला वाटत होतं, म्हणून मागे मागे जात राहिलो. जाता जाता थेट १९३१ ला पोचलो.

दहा मिनिटांचा सिनेमा

मुंबईत दुर्गाबाई खोटे नावाच्या एक तरुण बाई होत्या. माहेरच्या लाड. सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, चांगल्या घरातल्या, लग्न झालेल्या, दोन मुलांची आई. सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि कमवायची वेळ आली. त्या काळी अशा घरातल्या बाईने सिनेमात जाणं म्हणजे काय, हे आज समजणं अवघड आहे. बायकांची कामं पुरुषांनी करायचे दिवस नुकतेच मागे पडत होते.

मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल' या सिनेमात त्यांना छोटंसं काम मिळालं. मूकपटाला शेवटी बोलता तुकडा जोडायचा होता, त्यातली दहा मिनिटं. बाकीचा सिनेमा कसा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. जाहिरात मात्र त्यांच्या खानदानाच्या नावावर झाली. सिनेमा लागला, आणि तो पाहून त्यांच्या समाजात गहजब झाला. दहा मिनिटांच्या कामासाठी अख्ख्या सिनेमाची बदनामी त्यांच्या माथी आली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांची 'क्लिप' व्हायरल झाली होती.

इथे गोष्ट संपली असती. पण व्ही. शांतारामांनी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'साठी त्यांना तारामती दिली. हा पहिला मराठी बोलपट, फेब्रुवारी १९३२ चा. हरिश्चंद्राची सोशिक राणी. ज्या बायांनी वर्षभरापूर्वी नाकं मुरडली होती, त्याच आता तारामती बघायला थिएटरात गेल्या. त्यानंतर दुर्गाबाईंनी सोशिक राणीतच अडकून न पडता १९३६ च्या 'अमर ज्योती'त बंडखोर समुद्री चाच्यांची म्होरकी केली. १९६० ला 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई. १९८२ ला 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र, १९८३ ला दादासाहेब फाळके पुरस्कार.

आणि एक गोष्ट जी मलाच शोधताना कळली. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली. आर. के. लक्ष्मणांचा साधा कारकून, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, दिग्दर्शक कुंदन शाह. तिची निर्मिती होती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. सिनेमात गेली म्हणून जिला नावं ठेवली, तिच्या नावाच्या कंपनीने देशाला टीव्हीवरचं सर्वात सभ्य, मध्यमवर्गीय कुटुंब दिलं.

दुर्गाबाई कशामुळे सावरल्या? मला तीन कारणं दिसतात. लगेच दुसरं काम मिळालं, आणि तेही आधीच्या फोटोवर नवा फोटो लावणारं. मग पन्नास वर्षांचा वेळ मिळाला. आणि शेवटी स्वतःची गोष्ट स्वतः लिहायची संधी मिळाली. यातलं एकही कमी पडलं असतं तर 'फरेबी जाल' एवढंच उरलं असतं.

ज्याला शिव्या पडल्या, तो सुखी

आता उलटा नमुना बघू. निळू फुले.

आमच्या आजोबांच्या पिढीने यांना जत्रेतल्या तंबूत बघितलं. जमिनीवर बसून, मध्ये कनात, एका बाजूला बाप्ये आणि एका बाजूला बाया. फुले पडद्यावर आले की बायांच्या बाजूने बोटं मोडली जायची. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील असो की इतर डझनभर सिनेमांतला वाड्यावरचा पाटील, गावातल्या पोरीबाळींना त्या आवाजाची धास्ती. आजही कुणी नुसतं "बाई, वाड्यावर या" म्हटलं की कोण आठवतं ते सांगायला लागत नाही.

प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, आधी पुण्यात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनापासून सामाजिक कृतज्ञता निधीपर्यंत चळवळींना वेळ आणि पैसा देणारा. म्हणजे पडद्यावरचा फोटो आणि घरातला माणूस यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण त्या अंतराने त्यांचं काही बिघडलं नाही. खलनायकाचा खरा स्वभाव चांगला निघाला की लोकांना आनंद होतो. देव झालेल्याचा पाय घसरला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. निळूभाऊंनी खालून सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांना पडायला जागाच नव्हती.

अर्थात ते पुरुष होते, हेही इथेच सांगायला हवं. त्याच काळात खलनायिका करणाऱ्या बाईला किती जणांनी "पण खरी फार चांगली हो" असं म्हटलं असतं, याचा विचार करा. आता मी जिच्याबद्दल सांगणार आहे, ती तर खलनायिकाही नव्हती.

बातम्या देणारी मुलगी

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मराठी बातम्या देणाऱ्यांत एक सावळी, मोठ्या डोळ्यांची कॉलेजातली मुलगी होती. स्मिता पाटील. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, हा किस्सा खूप जणांनी सांगितलाय. श्याम बेनेगलांनी तिला तिथूनच उचललं. म्हणजे मराठी टीव्हीने देशाला दिलेली पहिली मोठी स्टार ही बातम्या वाचणारी मुलगी होती.

१९७७ ला 'भूमिका' आला. तो बेतला होता हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर. हंसाबाई म्हणजे 'लोकशाहीर रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका' या सिनेमांच्या नायिका. प्रेम, लग्न, दारू, घर सोडून जाणं, सगळं त्यांनी 'माणूस' साप्ताहिकासाठी अरुण साधूंना सांगितलं आणि १९७० ला त्याचं पुस्तक झालं. लोक माझ्याबद्दल बोलणारच आहेत, तर मीच आधी सांगते, असा त्यांचा खाक्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. दुर्गाबाईंना मिळालेला वेळ हंसाबाईंना मिळाला नाही, पण गोष्ट सांगण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

त्यांची भूमिका करून स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'जैत रे जैत', 'चक्र'. १९८२ ला 'उंबरठा'. दिग्दर्शक जब्बार पटेल, आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले आणि दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर. 'उंबरठा'तली सुलभा कामासाठी घर सोडते, परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा निघते. प्रेक्षकांनी त्या सुलभाला डोक्यावर घेतलं.

त्याच वर्षी स्मिताने 'नमक हलाल' केला. अमिताभबरोबर पावसातलं गाणं. समांतर सिनेमावाल्यांच्या भुवया उंचावल्या. आपली स्मिता, आणि असलं? पण मोठ्या पडद्यावर, मोठ्या गर्दीपर्यंत पोचायचं असेल तर धंदेवाईक सिनेमा करायलाच हवा, हा तिचा हिशेब होता. नट म्हणून तो चुकीचा नव्हता.

मग राज बब्बर. ते आधीपासून विवाहित होते. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या गटांबरोबर उभी राहिलेली बाई दुसऱ्या बाईचा संसार मोडते, असं मासिकांनी छापलं. चळवळीतल्या मैत्रिणींनाही ते रुचलं नाही. विवाहित पुरुषाला त्या मानाने कमी प्रश्न विचारले गेले. त्याचे सिनेमे चालू राहिले, पुढे तो खासदारही झाला.

१३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरवड्यात, स्मिता गेली. वय ३१. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. सगळी कुजबुज बंद. जी मासिकं तिला नावं ठेवत होती, त्यांनीच तिच्यावर विशेषांक काढले. आज आमच्या पिढीला स्मिता पाटील म्हणजे एक काळा-पांढरा फोटो. तो आम्ही स्टेटसला ठेवतो. शेवटच्या तीन-चार वर्षांत ती कसल्या बोलण्यांतून गेली हे आम्हाला ठाऊकच नसतं.

तिला जे 'माफ' झालं, ते मेल्यावर झालं. 'उंबरठा'तल्या सुलभाला टाळ्या वाजवणाऱ्यांनी स्मिताला तिच्या हयातीत तेवढी मोकळीक दिली नाही.

रोज सात वाजता

सिनेमा बघायला आपण घराबाहेर जातो. मालिका आपल्या घरात येते, रोज, ठरल्या वेळी, कुकरच्या शिट्टीबरोबर. १९९७ ला सह्याद्रीवर 'दामिनी', १९९९ ला अल्फा मराठीवर 'आभाळमाया', मग ईटीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेली 'चार दिवस सासूचे'. दोन तासांच्या सिनेमातला नट पाहुणा असतो. तीन वर्षं रोज येणारा नट घरातला होतो, आणि घरातल्या माणसाच्या वागण्यावर बोलायचा हक्क आपल्याला असतोच, असं आपल्याला वाटतं.

'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आठवा. रसिका सुनीलने २०१६ पासून ती केली. लोक तिला शिव्या घालायचे आणि तिच्यासाठीच मालिका बघायचे. ऐन भरात, २०१८ ला, ती शिकायला परदेशी निघून गेली. तिच्या जागी ईशा केसकर आली. मग २०२० ला रसिका त्याच भूमिकेत परतली. टीआरपीच्या शिखरावर असताना "मला अजून शिकायचंय" म्हणणं हा धाडसी निर्णय होता. पण आमच्या शेजारच्या काकूंच्या लेखी गोष्ट एवढीच होती की "ती शनाया पळून गेली." भूमिकेने तिचा निर्णयसुद्धा गिळला.

हे मी लांबून बघत नाही. माझी एक मावसबहीण आहे. आमच्या तालुक्यातली. नागराज मंजुळे जेऊरचे, 'सैराट' आमच्याच तालुक्यातल्या रानात शूट झाला. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा ती अकरावीत होती. तोवर सिनेमा म्हणजे मुंबई. त्या उन्हाळ्यात कळलं की उजनीच्या पाण्याच्या या बाजूची पोरंपण पडद्यावर जाऊ शकतात. २०१९ ला मंजुळे सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती'च्या खुर्चीत बसून आपल्याच बोलीत बोलायला लागले, तेव्हा तर मावशीचाही विरोध मावळला. "टीव्हीवर आपल्यासारखं बोलत्यात की," एवढंच ती म्हणाली.

बहिणीने पुण्यात एकांकिका केल्या, ऑडिशन दिल्या, आणि एका मालिकेत काम मिळालं. भूमिका भावजयीला छळणाऱ्या नणंदेची. घरात दोन दिवस खल झाला. मामा म्हणाला, "चांगल्या बाईचं काम मिळंस्तवर थांब." तिने विचारलं, "थांबले आणि मिळालंच नाही तर?" तिने ते काम घेतलं.

चार-साडेचार महिन्यांत तिचा ट्रॅक संपला. एवढ्या सगळ्या भागांतून पंधरा सेकंदांचा एक तुकडा कुणीतरी कापला, ती भावजयीच्या हातातलं ताट उधळते तो. त्यावर विनोदी आवाज लावून रील झालं. ते फिरलं. आता ती मालिका बंद झाली, ते चॅनेलवाले तिला विसरले, ती पुण्यात डबिंगचं काम करते. पण गेल्या वर्षी एका स्थळाकडच्या मंडळींनी मोबाइल पुढे करून विचारलं, "ही तुमचीच ना?" मावशी म्हणाली, "व्हय, पण ते नाटक हाय." ती मंडळी परत आली नाहीत. कारण तेच होतं की दुसरं, ते कुणी सांगत नाही.

तिने कसलाही गुन्हा केला नव्हता. भांडण नाही, आरोप नाही, वाद नाही. नुसतं काम नीट केलं होतं.

नावाला चिकटलेला शब्द

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगतो. सर्चच्या खिडकीत एखाद्याचं नाव टाइप करायला लागलं की पुढचे शब्द आपोआप सुचतात. ते कुणी माणूस बसून लिहीत नाही. लोक त्या नावापुढे सर्वात जास्त काय टाइप करतात, त्यावरून मशीन अंदाज बांधतं. एका आठवड्यात लाखो लोकांनी नावापुढे 'वाद' किंवा 'व्हिडिओ' टाइप केलं की पुढच्याला ते नाव टाकताच तोच शब्द दिसतो. तो शब्द दिसला म्हणून तोही त्यावरच बोट ठेवतो. मग तो शब्द आणखी घट्ट होतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. चक्र आपलं फिरत राहतं.

दुर्गाबाईंच्या काळात पेपरची रद्दी व्हायची, रद्दीत भेळ बांधली जायची, आणि बातमी पोटात जायची. विसरायला काही करावं लागत नव्हतं. आता विसरण्यासाठी कोर्टात जावं लागतं. हे खरंच झालंय. आशुतोष कौशिक आठवत असेल, 'रोडीज' आणि मग २००८ चा हिंदी 'बिग बॉस' जिंकलेला. २००९ च्या दारू पिऊन गाडी चालवण्याच्या प्रकरणाचे व्हिडिओ आणि लेख अजून आपल्या नावावर दिसतात, ते काढावेत, म्हणून २०२१ मध्ये तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आधार त्याने घेतला खासगीपणाच्या हक्काचा, जो सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात मूलभूत हक्क म्हणून मान्य केला होता. शिक्षा भोगून झाली तरी ती रोज नव्याने का भोगायची, हा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न सोपा नाही. सगळंच पुसायची सोय झाली तर ज्यांच्यावर खरे आरोप आहेत, ज्यांनी सेटवर कुणाला त्रास दिलाय, तेही पुसून मोकळे होतील, आणि तक्रार करणारी पुन्हा एकटी पडेल. म्हणून 'जुनं सगळं विसरा' असं मी म्हणणार नाही. मला हवंय ते इतकंच, की जे लक्षात ठेवायचं ते तारखेसकट ठेवा. कोण, कधी, कुठल्या कामात, आणि त्याच्यानंतर काय.

कारण तारीख लावली की चित्र बदलतं. किरण माने त्याच २०२२ च्या शेवटी 'बिग बॉस मराठी'च्या चौथ्या सीझनमध्ये गेले, शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेत दाखल झाले. ज्या कारणाने काम गेलं असं ते सांगत होते, तेच त्यांचं पुढचं काम झालं. कोल्हे २०२४ ला पुन्हा शिरूरमधून निवडून आले, पुन्हा आढळरावांनाच हरवून. नथुरामचा तो महिना मतदारांनी मोजलाच नाही, किंवा मोजून बाजूला ठेवला. दोघांकडेही दुर्गाबाईंकडे होतं ते होतं. पुढचं काम, बोलायला माइक, आणि थोडा वेळ. फरक एवढाच की आता पन्नास वर्षांचं काम दोन वर्षांत उरकतं, जर तुमच्याकडे पक्ष किंवा चॅनेल असेल तर.

ज्यांच्याकडे ते नसतं, त्यांचा पंधरा सेकंदांचा तुकडा तेवढा उरतो. तो कुठल्या भागातला, कोणत्या सालचा, त्याच्या आधी काय झालं, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. पडद्यावरच्या माणसांचा इतिहास लिहायचा म्हणजे बहुतेक वेळा एवढंच करायचं असतं. प्रत्येक तुकड्याखाली त्याची तारीख परत लिहायची.

मावसबहिणीच्या त्या रीलखाली मी ती लिहिली. मालिकेचं नाव, भागाचा नंबर, वर्ष. त्यावर एक लाइक आलाय, आणि तो मावशीचा आहे.